बारीक अंगकाठी, वाढलेले इन्सुलिन आणि डीएनए अहवालातील ‘जोखमीची’ जनुके

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३४ वर्षे, उंची १५६ सेंटीमीटर आणि वजन ५८ किलो आहे. मला कुणी लठ्ठ म्हणत नाही. ‘बाळंतपणानंतर जरा अंग धरलंय’ एवढेच काय ते ऐकू येते. दिवाळीनंतर आमच्या कार्यालयात आरोग्य तपासणी झाली. तीत उपाशीपोटी साखर १०२, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) ५.८ आणि उपाशीपोटी इन्सुलिन १७ निघाले. परिचारिकेने कंबरेला टेप लावला तेव्हा आकडा ८६ सेंटीमीटर आला. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने टेप सैल करून पुन्हा मोजले, आणि पुन्हा ८६च आले.

माझ्या बाबांना ३८व्या वर्षी मधुमेह झाला. ते सडपातळ आहेत, निवृत्तीपर्यंत सायकलवरून कारखान्यात जात असत, आणि तरीही ६१व्या वर्षी त्यांची बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. आजोबांना साखर होती, आत्यालाही आहे. ‘आमच्याकडे रक्तातच आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, म्हणून या वेळी ते रक्तात नेमके काय आहे हे पाहावे असे ठरवले आणि थुंकीचा नमुना पाठवून डीएनए तपासणी करून घेतली.

अहवाल ४२ पानांचा आहे. त्यात ‘चयापचयाची संप्रेरके’ या पानावर चार ओळी आहेत. एफटीओ आणि एमसी४आर या दोन जनुकांपुढे लाल खूण आहे, अ‍ॅडिपोनेक्टिन या संप्रेरकाच्या जनुकापुढे पिवळी आणि लेप्टिन या संप्रेरकाच्या ग्राहीपुढे (पेशीवर त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनापुढे) हिरवी. खाली लिहिले आहे की माझ्यात अ‍ॅडिपोनेक्टिन कमी राहण्याचा कल आहे, मला तृप्ती उशिरा जाणवते, मी कमी स्निग्धांशाचा आहार घ्यावा आणि अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवणाऱ्या कॅप्सूल सहा महिने घ्याव्यात. त्या कॅप्सूल त्यांच्याकडेच मिळतात.

माझ्या शरीरात इन्सुलिन वाढले आहे ते या जनुकांमुळेच, असे समजायचे का? तसे असेल तर पथ्य-व्यायामाने कितीसा फरक पडणार? माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि दुसरा नमुना निम्म्या दरात तपासून मिळतो आहे. त्याचीही तपासणी आत्ताच करावी का? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे; लांबले तरी मी पूर्ण वाचेन.

गुणसूत्र

मी रेण्वीय जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे काम करतो आहे. रुग्ण तपासणे हे माझे क्षेत्र नाही, त्यामुळे उपचारांविषयी डॉक्टरांनीच लिहावे. पण त्या चार ओळींचा अर्थ मी सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे ही चारही नावे एका पंक्तीत बसणारी नाहीत. एफटीओ हे संप्रेरकाचे जनुक नाही. २००७ मध्ये ब्रिटनमधील संशोधक मधुमेहाशी संबंधित जनुके शोधत असताना त्यांना हा भाग सापडला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्या अभ्यासात ज्यांच्याकडे दोन्ही प्रतींत डीएनएचे जोखमीचे अक्षर होते, म्हणजे सुमारे १६ टक्के प्रौढ, त्यांचे वजन एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त भरले. बदल आहे तो जनुकातील अशा पट्ट्यात, ज्यापासून प्रथिन बनत नाही, आणि तो दूरवरच्या आयआरएक्स३ नावाच्या दुसऱ्या जनुकाचे नियमन करतो, हे २०१४ मध्ये दिसून आले. संप्रेरकांशी त्याचा संबंध भुकेच्या बाजूने येतो. २०१३ मध्ये लंडनमध्ये सामान्य वजनाच्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की जोखमीच्या दोन प्रती असणाऱ्यांमध्ये जेवणानंतर घ्रेलिन, म्हणजे भूक चेतवणारे संप्रेरक, जितके खाली यायला हवे तितके येत नव्हते. ‘तृप्ती उशिरा जाणवते’ हे वाक्य अहवालात बहुधा अशाच अभ्यासांच्या आधारे आले असावे.

एमसी४आर हे जनुक मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातील एका ग्राहीचे. चरबीपेशींतून निघालेला लेप्टिनचा निरोप शेवटी ज्या दारावर पोहोचून ‘आता पुरे’ असे सांगतो, ते हे दार. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांवर प्रामुख्याने आधारलेल्या २००८च्या अभ्यासात या जनुकाजवळचा एक सर्वसामान्य भेद, म्हणजे डीएनएतल्या अक्षराचा फरक, कंबरेच्या घेराशी जोडलेला आढळला आणि त्याचा इन्सुलिन-प्रतिरोधाशीही, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देण्याशीही, स्वतंत्र संबंध दिसला. जोखमीच्या दोन प्रती असणाऱ्यांचा घेर सुमारे २ सेंटीमीटरने जास्त होता. पुण्याचा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. २००९ मध्ये तेथील मधुमेही आणि निरोगी लोकांची तुलना केली असता एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध युरोपातल्याप्रमाणे केवळ वजनवाढीतून येत नव्हता. वजनाचा हिशेब वजा केल्यावरही त्यातला बराचसा उरत होता. तेव्हा तुमच्या लाल खुणा खोट्या नाहीत.

मात्र त्यांचा आकार पाहा. ३ किलो आणि २ सेंटीमीटर हे फरक दोन टोकांच्या गटांमधले आहेत, आणि तेही सरासरीने. २०१८ मध्ये सुमारे ७ लाख लोकांच्या माहितीवरून बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन किती, या निर्देशांकाशी) निगडित ९४१ जागा जनुकसंचात निश्चित करण्यात आल्या; त्या सगळ्या एकत्र धरल्या तरी माणसामाणसांतील बीएमआयच्या फरकाचा जेमतेम ६ टक्के उलगडा होतो. त्यांतल्या चार ओळींवरून एका व्यक्तीविषयी ‘तुमचे संप्रेरक असे वागते’ असे छापणे मला पटत नाही. शिवाय ही मोजदाद मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेली असल्यामुळे आपल्याकडे तिची अचूकता आणखी घटते.

आता पिवळी खूण, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण कॅप्सूल तिच्याच जोरावर विकली जात आहे. अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीपेशींनीच तयार केलेले संप्रेरक असले तरी अंगात चरबी वाढली की ते रक्तात कमी होते. इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्यांत ते कमी आढळते, मधुमेहींत कमी आढळते, आणि म्हणून अनेक वर्षे असे मानले जाई की ते कमी पडल्यामुळेच इन्सुलिन निष्प्रभ होते. हा तर्क पडताळण्यासाठी जनुकीय भेदांचाच फार सुंदर उपयोग झाला. अ‍ॅडिपोनेक्टिनच्या जनुकातच काही भेद असे आहेत की ते असणाऱ्यांच्या रक्तात हे संप्रेरक जन्मापासून थोडे कमी असते. कमतरता हेच कारण असेल, तर या लोकांत इन्सुलिन-प्रतिरोध आणि मधुमेह अधिक दिसायला हवा. २०१३ मध्ये मोठ्या संख्येवर हे तपासले गेले, आणि तसे दिसले नाही. उलट दिशेचा बाण मात्र जुळतो: इन्सुलिन वाढले की अ‍ॅडिपोनेक्टिन उतरते. ज्या दुर्मीळ रुग्णांमध्ये इन्सुलिनची ग्राहीच जन्मतः बिघडलेली असते त्यांचा इन्सुलिन-प्रतिरोध पराकोटीचा असतो, आणि तरीही त्यांच्या रक्तात अ‍ॅडिपोनेक्टिन भरपूर सापडते. म्हणजे तुमच्या पिवळ्या ओळीतला भेद खरा असेल, त्याने ते संप्रेरक थोडे कमी होतही असेल, पण त्यामुळे तुमचे इन्सुलिन १७ झाले असे म्हणण्याला आधार नाही. धूर कमी करून आग विझत नाही. कॅप्सूलचे पैसे वाचवा.

लेप्टिनच्या हिरव्या खुणेबद्दल वेगळे लिहावे लागेल, कारण त्या जनुकाची खरी गोष्ट निराळीच आहे. ती रात्री लिहितो.

तालुक्याचा डॉक्टर

ताई, ‘गुणसूत्र’ यांनी जे लिहिले त्यावर मला काही जोडायचे नाही. मी तुमच्या अहवालाची ४२ पाने बाजूला ठेवून कार्यालयातल्या तपासणीचा कागद पाहतो.

उपाशीपोटी साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ने भागले की होमा नावाचा, इन्सुलिन-प्रतिरोध किती ते दाखवणारा निर्देशांक मिळतो. तुमचा येतो १०२ गुणिले १७ भागिले ४०५, म्हणजे ४.३च्या आसपास. इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात, म्हणून या आकड्याची काटेकोर सीमारेषा सांगता येत नाही, पण ४.३ हा कोणत्याही हिशेबाने जास्तच. साखर अजून मधुमेहाच्या पट्टीत गेलेली नाही, कारण तुमचे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन ओतून तिला धरून ठेवत आहे. तुमचा बीएमआय २३.८ आहे. भारतीयांसाठी २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. स्त्रियांसाठी कंबरेची मर्यादा ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आहे. परिचारिकेला आश्चर्य वाटले, पण मला वाटले नाही. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींत बारीक हातापायांची आणि पोट सुटलेली माणसे रोजच असतात.

याच विषयावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर काम केले आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. नवजात बाळांमध्येही त्यांना हेच आढळले. पुण्यातील बाळे लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा सुमारे ७०० ग्रॅमने हलकी होती, तरी नाळेच्या रक्तातील लेप्टिन जवळपास तेवढेच होते आणि इन्सुलिन तर जास्त होते. जन्माला येतानाच हाडामासाने बारीक आणि चरबीने भरलेले, असे हे बाळ.

आता ‘रक्तातच आहे’ याविषयी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिन-प्रतिरोध अधिक होता. जे घराण्यात चालते ते सगळे जनुकांतूनच चालते असे नाही. आईचे पोषण, तिची गरोदरपणातील साखर, घरातले ताट आणि बसण्या-चालण्याच्या सवयी हेही पिढीकडून पिढीकडे जाते, आणि डीएनए अहवालात यांतले काहीही उमटत नाही.

मला तीन गोष्टी सांगा. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळसर, जाडसर आणि मखमलीसारखी झाली आहे का? मुलाच्या वेळी गरोदरपणात साखर वाढली होती का? आणि मासिक पाळी नियमित आहे का? या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासण्याची चाचणी करून घ्या आणि सोबत बी१२ही पाहा. यांचा खर्च डीएनए तपासणीच्या मानाने किरकोळ असतो.

गोदाकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. मान आरशात दिसत नाही म्हणून मी मुलाला फोनवर फोटो काढायला लावला. मागच्या बाजूला काळसर पट्टा आहे. तो मंगळसूत्राच्या घामाने पडला असे समजून मी गेली दोन-तीन वर्षे दर रविवारी त्यावर डाळीचे पीठ आणि लिंबू चोळत आले आहे. सहाव्या महिन्यात साखर थोडी वाढल्याचे सांगितले होते, तेव्हा गोड बंद केले. बाळंतपणानंतर पुन्हा तपासावी असे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. नऊ वर्षे तशीच गेली. पाळी नियमित आहे.

एक शंका उरते. अहवालात माझ्या जनुकांना अनुसरून कमी स्निग्धांशाचा आहार सुचवला आहे. कॅप्सूल सोडल्या, तरी निदान आहाराचा भाग पाळावा का?

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे असे अहवाल घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून उत्तर देते.

जनुकांप्रमाणे आहार निवडल्यास वजन जास्त उतरते का, याची सरळ परीक्षा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ६०९ जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले. एका गटाने कमी स्निग्धांशाचा आणि दुसऱ्याने कमी कर्बोदकांचा चांगल्या प्रतीचा आहार वर्षभर घेतला. कोणाच्या जनुकांना कोणता आहार ‘मानवेल’ हे आधीच तपासून ठेवले होते. वर्षाअखेरी दोन्ही गटांत सरासरी ५ ते ६ किलो वजन उतरले, आणि आहार जनुकांशी जुळला की नाही याने काहीही फरक पडला नाही. सुरुवातीला इन्सुलिन किती स्रवत होते यावरूनही भाकीत करता आले नाही. एफटीओबाबत तर आठ चाचण्यांतील ९,५६३ व्यक्तींची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली. जोखमीचे अक्षर असणाऱ्यांचे वजनही आहार, व्यायाम किंवा औषध यांनी इतरांइतकेच उतरले होते. तुमच्या ‘कितीसा फरक पडणार’ या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर माझ्याजवळ नाही.

आपल्या लोकांवरचा पुरावाही आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ग्लुकोज चाचणीत बिघाड असलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला. नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाचा नियमित पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते. म्हणजे काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ५५ हा आकडाही लक्षात ठेवावा. आपल्याकडे या टप्प्यापासून मधुमेहापर्यंतचे अंतर किती थोडे आहे, ते त्यातून कळते.

तुमच्यासाठी माझा आग्रह स्नायूंचा आहे. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, आणि आपल्याकडे नेमके तेच कमी पडतात. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे, आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा शरीराच्या भाराचा व्यायाम, ताटातला भात-पोळीचा भाग थोडा आवरून त्या जागी वरण, उसळ, ताक, चालत असल्यास अंडी. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणून तीन खाव्यात असे नाही, हे मला रोज सांगावे लागते. तेल मोजून वापरा, पण ‘कमी स्निग्धांश’ म्हणून शेंगदाणे आणि दही सोडून मुरमुरे आणि बिस्किटांकडे वळू नका.

गुणसूत्र

काल रात्री लिहायचे राहिले, ते आता पूर्ण करतो.

लेप्टिनची कथा उंदरापासून सुरू होते. अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये कधीच तृप्त न होणारे, इतरांच्या तिप्पट वजनाचे उंदीर जन्माला आले. पुढे डग्लस कोलमन यांनी अशा उंदरांचा रक्तप्रवाह निरोगी उंदरांच्या रक्तप्रवाहाशी जोडून दाखवले की त्यांच्यात रक्तातून वाहणारा एक निरोप्या नाही. तो निरोप्या, म्हणजे लेप्टिन, १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील नात्यातल्या दोन मुलांचे वर्णन केले. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची होती आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. लेप्टिनच्या जनुकातले एक अक्षर, फक्त एक, गळाले होते आणि ते आई-वडील दोघांकडूनही मुलांकडे आले होते. १९९९ मध्ये त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर वर्षभरात तिचे वजन १६ किलोंनी उतरले आणि तिची न शमणारी भूक शमली.

जनुकीय भेदामुळे संप्रेरक बिघडते, म्हणजे काय, ते हे. सर्वसाधारण वजनवाढीत लेप्टिन कमी नसते, उलट चरबीच्या प्रमाणात ते वाढलेलेच असते. मेंदू त्याला दाद देत नाही. लेप्टिनच्या ग्राहीतला जो सर्वसामान्य भेद तुमच्या अहवालात हिरवा दाखवला आहे, तो लाल असता तरी मी हेच लिहिले असते.

आणि तुमच्या मूळ कोड्याविषयी, म्हणजे बारीक माणसाचे इन्सुलिन का वाढते याविषयी, जनुकशास्त्राकडे गेल्या दहा वर्षांत एक पटण्याजोगे उत्तर आले आहे. २०१७ मध्ये इन्सुलिन-प्रतिरोधाशी जोडलेल्या ५३ जागा एकत्र अभ्यासल्या गेल्या. त्यांतली जोखमीची अक्षरे ज्यांच्याकडे जास्त होती, त्यांच्या नितंब आणि पायांवरची चरबी कमी होती. त्वचेखाली चरबी साठवण्याचे कोठार ज्यांचे लहान, त्यांच्याकडे थोडीशी जादा चरबीही यकृतात, पोटाच्या पोकळीत आणि स्नायूंत जाऊन बसते, आणि तिथेच ती इन्सुलिनच्या आड येते. याच्या उलट उदाहरण सामोआ बेटांवरचे आहे. तेथे सीआरईबीआरएफ जनुकाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रतींत आढळणारा एक भेद वजन ठळकपणे वाढवतो, आणि तरीही तो असणाऱ्यांना मधुमेह कमी होतो, असे २०१६ मध्ये दिसले. जाडी आणि इन्सुलिन-प्रतिरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या काही ठिकाणी वेगळ्या जनुकांच्या हाती आहेत. तुमच्या बाबांचे कोठार बहुधा लहान असावे. हा माझा अंदाज आहे, निदान नव्हे.

शाल्मली_सोलापूर

मी तज्ज्ञ नाही, पण मुलांच्या तपासणीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी मुलगी जन्मली तेव्हा तीन किलोंची होती आणि तिसऱ्या वाढदिवसाला ३० किलोंची झाली होती. ती वयाच्या मानाने उंचही होती. जेवण झाल्यावर पाचव्या मिनिटाला ती रिकामी वाटी घेऊन ओट्याशी उभी राहत असे आणि रडून रडून तिथेच झोपी जात असे. आम्ही डब्यांना कुलूप लावले. एका डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले की आई लाडावते म्हणून हे होते आहे, आणि घरातही सर्वांचे तेच मत होते. माझ्याही मनाने ते मान्य केले होते.

पाचव्या वर्षी दुसऱ्या शहरातील बाल-अंतःस्रावतज्ज्ञांनी तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी करवली. एमसी४आर जनुकात, आणि इथे लक्षात घ्यावे की वर चर्चा झालेल्या ‘जवळच्या’ भेदात नव्हे, तर प्रत्यक्ष ग्राही बिघडवणारा बदल निघाला. तिच्या वडिलांकडे त्याची एक प्रत आहे. तेही लहानपणी खूप जाड होते. लहान वयातच तीव्र लठ्ठपणा आलेल्या मुलांत शंभरामागे पाच-सहापर्यंत मुलांना हा बदल असू शकतो, असे आम्हाला सांगण्यात आले. उपचार त्याने लगेच मिळाला नाही. सेटमेलानोटाइड हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते याच मार्गावरच्या पण दुसऱ्या काही जनुकांतील बिघाडांसाठी. पण त्या दिवसापासून घरात तिला कुणी हावरी म्हटले नाही. ती आता बारा वर्षांची आहे, पोहते, ठरलेल्या वेळी मोजून जेवते, आणि भूक लागली की ‘माझं दार वाजतंय’ असे सांगते.

तुमचा मुलगा असा असेल तर थांबू नका. पण तेव्हाही थुंकीची अशी तपासणी पुरणार नाही, तज्ज्ञांकडेच जावे लागेल. तो वर्गातल्या इतर मुलांसारखा असेल, तर त्याच्या नावापुढे लाल खुणा नऊ वर्षांच्या वयात कशाला लिहून घ्यायच्या?

तालुक्याचा डॉक्टर

शाल्मलीताईंनी लिहिले ते प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने वाचावे असे आहे. मोठे होऊन स्वतः ठरवण्याचा मुलाचा हक्कही इथे आहेच. मुलाची उंची, वजन आणि कंबर वर्षातून एकदा नोंदवा आणि त्याची मानही पाहा.

ताई, मानेवरचा तो पट्टा चोळणे आजपासून थांबवा. रक्तात वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावते, त्याची ती खूण आहे; बाहेरून घासून ती जाणार नाही, इन्सुलिन उतरले की ती हळूहळू फिकी होते. आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या प्रत्येक स्त्रीची साखर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत आणि पुढे निदान तीन वर्षांतून एकदा तपासायची असते. ते तुम्हाला सांगायला हवे होते. ही चूक तुमची नव्हे.

गोदाकाठ

काल ग्लुकोजची चाचणी केली. दोन तासांनी साखर १६२ आली, म्हणजे ‘ताटवाटी’ यांनी लिहिलेल्या त्या ५३१ जणांच्या रांगेत मी आहे. बी१२ १४८ आहे. डॉक्टरांनी त्याची इंजेक्शने सुरू केली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. मुलाचा नमुना पाठवणार नाही.

रविवारी बाबांकडे गेले होते. त्यांचा १९८९ सालचा, सायकल धरून कारखान्याच्या फाटकाशी काढलेला फोटो भिंतीवर आहे. तो मी शेकडो वेळा पाहिला असेन. मनगटे काडीसारखी, गालफडे बसलेली, आणि पट्ट्याच्या वर शर्ट ताणलेला. ते कधी लक्षातच आले नव्हते. मी टेप काढला तेव्हा ते हसले, पण उभे राहिले. वजन ५९ किलो, कंबर ९४ सेंटीमीटर. मग त्यांनी टेप माझ्या हातातून घेऊन माझ्या भावाला हाक मारली. तो २९ वर्षांचा आहे आणि त्याने आजवर एकदाही साखर तपासलेली नाही.